बेल्ट कधी बदलला होता?

तर मंडळी, गेल्या महिन्यात आयुष्यातली पहिली गाडी घेतली. सेकंड हँड. २०१३ चं मॉडेल, छोटी पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर ६८,००० किलोमीटर, एकच मालक. मालक म्हणजे नाशिकरोडचे एक रिटायर्ड काका. गाडीत हनुमान चालिसाची सीडी, मागच्या काचेजवळ उशी, सीटवर अजून जाडजूड कव्हरं. काकांनी फारशी घासाघीस केली नाही, वर चहा-पोहे दिले आणि चावी देताना बॉनेटवरून हात फिरवला. गाडी चांगल्या घरातली आहे ह्याची मला खात्री पटली.

पुढच्या रविवारी ऑइल बदलायला गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्या मामांनी बॉनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला आणि विचारलं,

"टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"काका म्हणाले बदललाय. दोन-तीन वर्षांपूर्वी, बहुतेक."

"बिल आहे?"

"नाही."

"मग बदललेला नाही असंच धरायचं."

खर्च विचारला. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मजुरी धरून साडेसात-आठ हजार. गाडी घेऊन खिसा आधीच हलका झालेला. मी जरा चाचरत विचारलं, "आणि नाही बदलला तर?"

"चालेल की. तुटेपर्यंत चालेल."

हे उत्तर डोक्यातून जाईना. दिवाळीत आई-बाबांना घेऊन साताऱ्याला जायचं ठरलंय, म्हणजे खंबाटकी आलाच. एकीकडे काकांचा शब्द, एकीकडे मामांचा. त्यात मामांना आठ हजार मिळणार, म्हणजे त्यांचं मतही अगदीच निःस्वार्थी नाही (ह.घ्या.). शेवटी आपण इंजिनियर असतो तेव्हा जे करतो तेच केलं. दोन वीकांत वाचत बसलो. एका रबरी पट्ट्याच्या मागे एवढा इतिहास असेल असं वाटलं नव्हतं.

आधी थोडक्यात हा पट्टा करतो काय ते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्यामुळे खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅमशाफ्टचं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. पावणेदोन नाही, सव्वादोन नाही. ३,००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथे उतरतो तिथेच थोड्या वेळाने पिस्टन येतो. जागा एकच, वेळा वेगळ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन थ्रेड, एक रिसोर्स, आणि मध्ये लॉक म्हणून तो पट्टा. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र वेगात असल्यामुळे फिरतच राहतो. पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं, हेड उतरवावं लागतं. मग बिल आठ हजारांचं येत नाही, हे.सां.न.ल. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते. पण माझी त्या भाग्यवंतांपैकी नाही, असं मामा म्हणाले.

मग प्रश्न पडतो, की एवढं महत्त्वाचं काम रबरावर सोडायची अवदसा कोणाला आठवली?

सुरुवातीला हे काम गिअर आणि चेन करायच्या. हान्स रेनोल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये जी बुश-रोलर चेन काढली, तिचेच वंशज सायकलपासून मोटारीच्या इंजिनापर्यंत पोचले. साध्या मोटारीत कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारीच असायचा आणि लांब दांड्यांनी (पुशरॉड) वरचे व्हॉल्व्ह ढकलायचा. दोन शाफ्टमधलं अंतर वीतभर, त्यामुळे छोटीशी चेन पुरे. आपल्याकडची अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्याच जातीच्या.

पण इंजिन जोरात पळवायचं तर ह्या दांड्यांचं वजन आड येतं. कॅमशाफ्ट थेट वर, डोक्यावर नेला तर ते वजन वाचतं. रेसिंगवाल्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. पण कॅम वर नेला की क्रँकपासूनचं अंतर वाढतं. मग गिअरची आख्खी माळ लावा, किंवा उभा शाफ्ट लावा, किंवा लांबलचक चेन लावून तिला ताण द्यायची यंत्रणा आणि सतत तेल पुरवा. महाग काम. त्यामुळे ओव्हरहेड कॅम ही बराच काळ रेसिंगवाल्यांची आणि श्रीमंतांची मक्तेदारी राहिली.

ह्या अडचणीवरचं उत्तर सापडलं शिलाई मशीनमध्ये!

शिलाई मशीनमध्ये सुई वरून खाली येते आणि खालच्या हुकाने नेमक्या त्याच क्षणी तिचा दोरा पकडायचा असतो. क्षण चुकला की टाका सुटला. पायमशीनचं मोठं चाक आणि वरचं छोटं चाक जोडणारा चामड्याचा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो जरा घसरला तरी बिघडत नाही, शिवण हळू होते इतकंच. पण आतला सुई आणि हुक ह्यांचा संबंध घसरून चालत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स रबर कंपनीच्या गिल्मर ह्या शाखेतल्या रिचर्ड केसने सिंगरच्या मशीनसाठी दात असलेला पट्टा तयार केला. चाकाला खाचा, पट्ट्याला दात, आणि पट्टा ताणून लांब होऊ नये म्हणून आत न ताणली जाणारी दोरी. चेनची अचूकता, पण आवाज नाही आणि तेलाची गरज नाही. शिवणाऱ्याच्या कापडावर तेलाचे डागही नाहीत.

सुई आणि हुक वेळेवर भेटले पाहिजेत, पिस्टन आणि व्हॉल्व्ह कधीच भेटता कामा नयेत. प्रश्न एकच, फक्त उलटा.

मोटारीत हा पट्टा पहिल्यांदा आणला तो कुठल्या मोठ्या कंपनीने नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातल्या बिल डेव्हिन नावाच्या रेसिंगवेड्या माणसाने फ्रेंच पानार्डच्या इंजिनावर नॉर्टन मोटरसायकलची ओव्हरहेड कॅमवाली हेडं बसवली, आणि तो कॅम फिरवायला दातेरी पट्टा लावला. अस्सल जुगाड! आणि त्या गाडीने तिकडच्या राष्ट्रीय रेसिंगमध्ये आपल्या वर्गाची चँपियनशिपही मारली.

विकायच्या गाडीत आणला तो बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग ह्या छोट्या गावातल्या हान्स ग्लास कंपनीने. ही मंडळी मूळची शेतीची अवजारं आणि पेरणीयंत्रं बनवणारी. मग स्कूटर, मग १९५५ पासून गोगोमोबिल नावाची इवलीशी टू-स्ट्रोक गाडी. युद्धानंतरच्या जर्मनीत लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला तसं गोगोमोबिलवाल्यांना मोठी गाडी हवी झाली. ग्लासला चांगलं, जोरकस, पण स्वस्तात बनणारं फोर-स्ट्रोक इंजिन हवं होतं. त्यांचा इंजिनियर लिओनहार्ड इशिंगर ह्याने ओव्हरहेड कॅम घेतला आणि तो फिरवायला रबरी दातेरी पट्टा लावला. १९६२ साली आलेली ग्लास १००४ ही टायमिंग बेल्ट असलेली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली मोटार. गंमत म्हणजे कंपनी फार टिकली नाही. १९६६ साली बीएमडब्ल्यूने ती विकत घेतली. डिंगॉल्फिंगला आज बीएमडब्ल्यूचा प्रचंड कारखाना आहे. ग्लास विस्मरणात गेली, पट्टा जगभर गेला.

१९६६ हे वर्ष पट्ट्याचं. अमेरिकेत पाँटिअॅकने टेंपेस्टमध्ये ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं बेल्टवालं इंजिन आणलं. तेव्हा पाँटिअॅकचा प्रमुख जॉन डीलोरिअन होता, हो, 'बॅक टू द फ्युचर'मधल्या गाडीवाला तोच. त्याच वर्षी इटलीत फियाटने ट्विन कॅम इंजिन आणलं, म्हणजे डोक्यावर दोन कॅम आणि तेही बेल्टवर. ते बनवणारा ऑरेलिओ लांप्रेदी आधी फेरारीची इंजिनं करायचा. फेरारीतली चैन त्याने फियाटच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशा गाडीत आणली, आणि ती परवडण्यामागे त्या रबरी पट्ट्याचा मोठा हात होता. लॅन्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅली चँपियनशिप जिंकली ती ह्याच इंजिनाच्या वंशजावर.

म्हणजे सौदा काय झाला बघा. बेल्टमुळे इंजिन स्वस्त, हलकं आणि शांत झालं. मध्यमवर्गीय गाडीत ओव्हरहेड कॅम आला. त्या बदल्यात आपण सोडलं काय? तर पूर्वसूचना. चेन सैल झाली की खडखडते, सकाळी गाडी सुरू करताना कण्हते, शेजारीही सांगतात की गाडी दाखवून घ्या म्हणून. चेनही अमर नसते, ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही जाते, पण सहसा बोंबलून जाते. बेल्ट मात्र गुपचूप म्हातारा होतो. शिवाय तो प्लॅस्टिकच्या कव्हरआड असतो, म्हणजे दिसतही नाही.

आवाज गेला त्याची भरपाई म्हणून मॅन्युअलमध्ये आकडा आला. इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते.

हा आकडा ठरतो कसा, आणि बदलत कसा गेला, हे मला सगळ्यात रंजक वाटलं. सुरुवातीचे बेल्ट निओप्रीनचे, आत फायबरग्लासची दोरी. निओप्रीन उष्णतेने कडक होतं, त्याला भेगा पडतात. १९८४ साली जपानच्या झिऑन कंपनीने एचएनबीआर नावाचं नवं रबर बाजारात आणलं. ते उष्णता आणि तेल दोन्ही जास्त सोसतं. दातांचा आकारही सुधारला, चौकोनी कोपऱ्यांचे दात जाऊन गोलसर आले, म्हणजे दाताच्या मुळाशी येणारा ताण कमी झाला. परिणाम आकड्यात दिसतो. होंडाच्या अमेरिकेतल्या गाड्यांना १९८० च्या दशकात ६०,००० मैलांवर बेल्ट बदला असं सांगत. १९९० च्या दशकात ते ९०,००० झालं, आणि पुढे त्यांच्या व्ही-सिक्स इंजिनांना १,०५,००० मैल.

पण त्याच होंडाच्या मॅन्युअलमध्ये एक बारीक टीप असायची. नेहमी ४३ अंश सेल्सिअसच्या वर (किंवा उणे २९ च्या खाली) गाडी चालवत असाल तर १,०५,००० विसरा, ६०,००० मैलांवर बदला. म्हणजे आकडा जवळपास निम्मा! आपल्या नागपूर-चंद्रपूरकरांनी मे महिन्यात ही टीप वाचून बघावी.

ह्या रबराच्या प्रगतीचा एक तोटाही झाला. जुन्या निओप्रीन बेल्टला भेगा पडायच्या, म्हणजे कव्हर काढून बघितलं तर अंदाज यायचा. नवे बेल्ट वरून बरेचदा चांगलेच दिसतात, आणि आतली दोरी किंवा दाताचं मूळ कमकुवत झालेलं असतं. त्यामुळे "उघडून बघू, खराब असेल तर बदलू" हा सल्ला आता फारसा कामाचा नाही.

बरं, किलोमीटरच का मोजायचे? बेल्टला किलोमीटर कळत नाहीत, त्याला फेरे कळतात. मी जरा हिशोब केला. ६०,००० किलोमीटर समजा सगळे हायवेवर, ताशी ८० ने, ३,००० आरपीएमवर गेले. ७५० तास, म्हणजे क्रँकचे साडेतेरा कोटी फेरे. आता तेच ६०,००० पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, सिग्नल धरून सरासरी ताशी २० ने, सरासरी १,५०० आरपीएमवर. ३,००० तास, २७ कोटी फेरे. दुप्पट. आणि चौपट तास तो बेल्ट गरम इंजिनाशेजारी बसलेला. मीटरवर आकडा मात्र तोच. आपला हिंजवडीचा रस्ता आठवा म्हणजे पटेल.

आणि गाडी चाललीच नाही तर? त्याचं उत्तर फेरारीकडे आहे. १९७३ पासून फेरारीने आपल्या काही गाड्यांत बेल्ट घेतले. ह्या गाड्या गॅरेजात झाकून ठेवलेल्या, वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या. तरी बेल्ट दर तीन ते पाच वर्षांनी बदलायचे, कारण रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं. टेस्टारोसात तर बेल्ट बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. श्रीमंतांचीही दुखणी असतात :) पुढे २००४ च्या एफ-४३० मध्ये त्यांनीही चेन वापरली.

भारतात हा पट्टा घरोघरी पोचला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मधून. चेन आणि पुशरॉडवर हात बसलेल्या मिस्त्रींच्या पिढीला हा प्रकार नवा होता. पुढच्या पंचवीस वर्षांत झेन, एस्टीम, सँट्रो, सगळ्या बेल्टवाल्या. मग २००८ च्या सुमाराला वारं फिरलं. सुझुकीचं के-सिरीज आणि ह्युंदाईचं कप्पा, दोन्ही पेट्रोल इंजिनं चेनवर आली. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, जे स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळ्यांनी वापरलं, तेही चेनवालं. पण सगळे फिरले नाहीत. २०१२ ते २०२० मध्ये विकलेली डस्टर डिझेल बेल्टवाली आहे, फोक्सवॅगनचं १.० टीएसआय बेल्टवालं आहे. सेकंड हँड बाजारात दोन्ही जाती शेजारी-शेजारी उभ्या असतात, आणि वरून काहीच कळत नाही. गाडी घ्यायच्या आधी इंजिनाचं नाव शोधून एवढी एक गोष्ट बघाच.

मध्ये काही कंपन्यांनी बेल्ट थेट ऑइलमध्ये बुडवायचा प्रयोगही केला, म्हणजे घर्षण कमी आणि आयुष्य जास्त. २०१२ चं फोर्डचं १.० इकोबूस्ट (आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलेलं) आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही त्यातली गाजलेली नावं. प्युअरटेकमध्ये ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून बेल्टचं रबर सुटायला लागलं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकायला लागले. शेवटी २०२४ मध्ये स्टेलांटिसला युरोपात ह्या इंजिनांसाठी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत भरपाईची हमी द्यावी लागली, आणि इंजिनाच्या नव्या आवृत्तीत परत चेन आली. प्रयोगशाळेत ठरवलेला आकडा खऱ्या रस्त्यावर कसा चुकतो ह्याचं हे अगदी ताजं उदाहरण.

तर हे सगळं वाचून माझ्या प्रश्नाचं काय झालं?

एक गोष्ट स्पष्ट झाली. मॅन्युअलमधला आकडा हा कंपनीने दिलेला शब्द आहे, पण त्या शब्दाला एक अट आहे. मोजणी कुठून सुरू केली ते माहीत हवं. काकांनी ६८,००० किलोमीटर गाडी कशी चालवली, नाशिकच्या उन्हात किती तास उभी होती, बेल्ट खरंच बदलला का, बदलला तर कुठल्या कंपनीचा, हे मला माहीत नाही. बारा वर्षांच्या गाडीत पहिलाच बेल्ट असेल तर वर्षांच्या हिशोबाने त्याची मुदत कधीच संपलीय. काकांनी मला फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांना बहुधा फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट ह्यातला फरकच माहीत नसेल. पण मोजणीचा आरंभबिंदूच नसेल तर आकड्याला अर्थ नाही. मग एकच मार्ग उरतो, आपण स्वतः शून्यापासून मोजायला सुरुवात करायची. एका बाजूला नक्की जाणारे आठ हजार, दुसऱ्या बाजूला कदाचित हेडचं काम, ते पण खंबाटकीत, आई-बाबा गाडीत असताना. मामांचं "बदललेला नाही असंच धरायचं" हे वाक्य धंद्याचं वाटलं होतं, ते हिशोबाचं निघालं.

गेल्या शनिवारी बदलला. मुद्दाम समोर उभा राहिलो. मामांनी क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्या, जुना बेल्ट काढला, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलला (हा पंप माझ्या इंजिनात ह्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे तो नंतर बिघडला असता तर हीच सगळी मजुरी परत), नवा बेल्ट चढवला आणि पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत तपासल्या. बिल ७,६०० रुपये.

जुना बेल्ट मी घरी आणलाय. हातात घेऊन उलटसुलट बघितला. भेग नाही, दात शाबूत, वरची अक्षरं अर्धी पुसलेली. अजून वर्षभर चालला असता का? माहीत नाही. उद्याच तुटला असता का? तेही माहीत नाही. काका कदाचित खरंही बोलत असतील. वायटूकेच्या वेळी आपल्याच क्षेत्रातल्या सीनियर मंडळींनी रात्री जागून काम केलं, आणि १ जानेवारी २००० ला काहीच झालं नाही म्हणून लोक हसले, असं ऐकलंय. वेळेवर केलेल्या कामाचा पुरावा मिळत नाही, हाच त्याचा त्रास.

पण एक पुरावा मिळू शकतो. बिल डॅशबोर्डच्या खणात आरसी बुकाच्या कॉपीजवळ ठेवलंय, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर चिकटवलंय: बेल्ट बदलल्याची तारीख, आणि ६८,९४० कि.मी. चार-पाच वर्षांनी ही गाडी मी कोणालातरी विकेन. तेव्हा त्याच्या गॅरेजवाल्याने विचारलं, की बेल्ट कधी बदलला होता, तर त्या बिचाऱ्याला दोन वीकांत वाचत बसावं लागू नये.

असो. आता साताऱ्याला जाऊन येतो. कंदी पेढे आणायचे आहेत.